ताईंचा पगार कुठल्या रकान्यात लिहायचा?

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी पुण्यातल्या एका छोट्या संस्थेचे हिशेब बघतो. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर आणि अभ्यासवर्ग चालवणारी ही संस्था. मी मुलांना शिकवत नाही, गाणी तर मुळीच म्हणत नाही. पावत्या लावायच्या, पासबुक जुळवायचं, धर्मादाय आयुक्तांकडे जाणारे कागद वेळेत तयार ठेवायचे, एवढंच माझं काम. त्यामुळे मुलांच्या डोळ्यांतली चमक वगैरे या लेखात सापडणार नाही. मला बोलायचंय ते एका रकान्याबद्दल.

निधी देणाऱ्या कंपन्यांकडून दर वर्षी एक तक्ता येतो. त्यात दोन रकाने ठरलेले असतात. एक ‘कार्यक्रम खर्च’, दुसरा ‘प्रशासकीय खर्च’. वह्या, दप्तरं, खाऊ, चटया, रंगपेट्या पहिल्यात. जागेचं भाडं, वीजबिल, ऑडिटरची फी दुसऱ्यात. इथवर ठीक. मग अडतं ते मुलांना सांभाळणाऱ्या ताईंच्या पगारापाशी. एका कंपनीतल्या तरुण अधिकाऱ्यानं मला फोनवर अगदी सरळ मनानं विचारलं होतं, “सर, सॅलरीज जरा कमी दाखवता येतील का? मुलांपर्यंत प्रत्यक्ष किती पोचतं, ते आम्हाला वर दाखवावं लागतं.”

मी म्हटलं, “अहो, मुलांपर्यंत पोचते ती ताईच. दप्तर काही पायांनी चालत जात नाही.”

तो हसला. तक्ता त्यानं बदलला नाही. मीच बदलला. पगाराचे दोन तुकडे केले, एकाला ‘शैक्षणिक साहाय्य’ म्हटलं, दुसऱ्याला ‘पालक संपर्क उपक्रम’. रक्कम तीच, माणूस तोच, फक्त तक्त्यात माणूस दिसेनासा झाला. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण केलं.

तर ज्या बाईंना मी असं तुकड्यांत वाटून टाकलं, त्यांची सकाळ सांगतो.

ताथवडे-पुनावळ्याच्या बाजूला मुंबई-बेंगळुरू महामार्गालगत जिकडेतिकडे टॉवर उभे राहतायत. त्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांच्या वसाहती. आठ वाजता ताई तिथे पोचतात. हातात नायलॉनची दोरी. दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी मारलेल्या, आणि एका गाठीला एक मूल. सर्व्हिस रोड, मग भुयारी रस्ता, पलीकडे महापालिकेची शाळा. निघताना मोजायचं, रस्ता ओलांडला की मोजायचं, शाळेच्या फाटकाशी पुन्हा. सतरा. सतरा. सोळा. मी एकदा बरोबर गेलो होतो, त्या दिवशी हा सोळाचा आकडा आला आणि माझ्या पोटात गोळा उठला. ताई वळल्या, डंपरच्या मागे लघवीला बसलेल्या एकाला दंडाला धरून आणलं, त्याच्या चपलेचा तुटलेला अंगठा सेफ्टी पिनेनं अडकवला आणि म्हणाल्या, “काका, हा रोज इथंच सुटतो. त्याला चौथ्या गाठीवरच ठेवायचा, माझ्या हाताशी.”

चौथी गाठ. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

दोरीवरच्या मुलींतली एक पूर्वी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर दहा महिन्यांचा भाऊ असायचा. आई स्लॅबवर, बाप सेंट्रिंगला, भाऊ हिच्या गळ्यात. ताईंनी आधी भाऊ पाळणाघरात आणला, मग मुलगी आपोआप सुटली. जिथे पन्नासहून जास्त महिला मजूर काम करतात, तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायला हवी, असं १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातच लिहिलं होतं. शाळेनं दाखल्यासाठी अडवायचं नाही आणि वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. पण शाळेच्या खिडकीशी “जन्मदाखला आणा, मग बघू” असं ऐकू येतं, तेव्हा तिथे कायदा उभा नसतो. ताई उभ्या असतात, पिशवीत त्याच कलमाची झेरॉक्स घेऊन.

आणि काम संपलं की वसाहत एका रात्रीत उठते. टेंपो येतो, पत्रे निघतात, सकाळी नुसत्या चुली. ताई मुकादमाला फोन लावतात, “माणसं कुठं नेली?” वाघोली असेल, मोशी असेल. मग तिकडच्या भागात काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेच्या ताईंना फोन, “तीन पोरं तुमच्याकडे आलीत, एक तिसरीत आहे, वाचायला येतं, पहिलीत बसवू देऊ नका.” या दोन फोनांनी एका मुलाचं वर्ष वाचतं. हे फोनचे पैसे कुठल्या रकान्यात? परदेशी देणगीच्या नियमावलीत याचं उत्तर छापील आहे. टेलिफोन, वाहन, भाडं, हिशेबनीस, सगळं प्रशासकीय.

अशा माणसांचं कौतुक करायला आपण कमी पडतो असं मात्र नाही. शाल आहे, श्रीफळ आहे, आठ मार्चला ट्रॉफी आहे. ‘समाजसेवेचं व्रत’, ‘निरपेक्ष सेवा’, ‘समर्पित जीवन’ ही विशेषणं निवेदकाच्या खिशात तयारच असतात. माझा आक्षेप कौतुकाला नाही. ते आपण पगाराच्या जागी वापरतो, त्याला आहे.

मराठीत यासाठी एक शब्दच घडवून ठेवलाय. मानधन. मान आधी, धन नंतर, आणि धन इतकं की विचारायची लाज वाटावी. व्याख्यात्याला एका संध्याकाळचं मानधन द्यावं, शब्द शोभतो. जी बाई वर्षातले अडीचशे दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ठरल्या जागी ठरलं काम करते, तिच्या पाकिटावर ‘मानधन’ लिहिणं म्हणजे मालक-नोकर हे नातं अस्तित्वातच नाही असं भासवणं. मान दिला ना, मग रजा, भविष्य निर्वाह निधी, आजारपण या गोष्टी कशाला?

शब्दाच्या या खेळावर सर्वोच्च न्यायालयानं एकदा बोट ठेवलंय. २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठानं गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात निकाल दिला, की १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा सेविका आणि मदतनिसांना लागू होतो, आणि त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्याच्या अर्थानं वेतनच आहे. अंगणवाड्या ज्या योजनेत चालतात, ती एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. म्हणजे मानधनाला वेतन म्हणायला सत्तेचाळीसावं वर्ष उजाडावं लागलं, तेही फक्त ग्रॅच्युइटीपुरतं. त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांनी, २०२३ च्या डिसेंबरात, महाराष्ट्रातल्या सेविका पुन्हा संपावर गेल्या आणि जानेवारी सरत आला तरी संप चालू होता. सरकारची ही तऱ्हा, तर स्वयंसेवी संस्थांमधल्या ताईंना कोण विचारतो? त्यांना संघटना नाही, संप नाही, मोर्चा काढायचा तर कुणाच्या दारात काढणार? विश्वस्त म्हणून आम्हीच चार म्हातारे.

‘अंगणवाडी’ हा शब्द आला तो मराठीतूनच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही ती कल्पना. मुलं गुरं घेऊन कुरणात जातात म्हटल्यावर कुरणशाळा निघाली. मूल जिथे आहे तिथे शाळेनं जायचं हे आज आपण ज्याला नवं म्हणतो, ते त्या दोघींनी आमच्या दोरीच्या कितीतरी आधी करून ठेवलंय. अनुताई बालविधवा, त्यांनी सगळं आयुष्य या कामाला दिलं आणि त्यांना दुसरं काही नकोच होतं. त्यागाची ही परंपरा महाराष्ट्रात खरी आहे, मोठी आहे, आणि तिच्याबद्दल मला अभिमान आहे.

पण त्याग हा ज्याचा त्यानं करायचा असतो. दुसऱ्याकडून करून घेतला की त्याला वेगळं नाव आहे. आज वस्तीत काम करणारी ताई बहुतेक वेळा त्याच भागात, भाड्याच्या दीड खोलीत राहते. तिला दोन मुलं आहेत, त्यांची रिक्षा आहे, ट्यूशन आहे, सासूच्या गुडघ्याचं औषध आहे. तिनं अनुताईंसारखं व्रत घेतलेलं नाही; तिनं नोकरी धरलीय आणि ती जीव लावून करते. जीव लावून काम करणाऱ्याला पगार नको असतो, हा निष्कर्ष आपण कुठून काढला? आपली मुलं ज्या शाळेत जातात तिथल्या बाई पगार घेतात. म्हणून त्यांची माया खोटी, असं आपण म्हणत नाही.

आता नियमांकडे येतो, कारण देणगीदार नेहमी नियमाचं नाव पुढे करतात.

२०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. त्याच्या नियमांत प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. पण २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्टच म्हटलंय, की हा खर्च म्हणजे कंपनीनं स्वतःचा सामाजिक विभाग चालवण्यासाठी केलेला खर्च. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं यांवर थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही. म्हणजे पाच टक्के कंपनीच्या गळ्यातले. ते उचलून आमच्या गळ्यात घालायची पद्धत मात्र सर्रास आहे. मी एकदा नियमाची प्रत पाठवून हे दाखवून दिलं. उत्तर आलं, “आमचं अंतर्गत धोरण आहे.” पुढच्या वर्षी तिथून तक्ताच आला नाही. तेव्हापासून मी नियमाच्या प्रती पाठवत नाही, असं आमचे अध्यक्ष म्हणतात. पाठवतो.

परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० च्या सप्टेंबरात दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. मोठ्या संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा छोट्या संस्थेला पुढे देणंही त्याच दुरुस्तीनं बंद झालं. शाळेतल्या शिक्षकाचा, दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय धरू नये एवढं नियमाला कळतं, हे मान्य करायला हवं. पण जी शिक्षिका नाही, डॉक्टर नाही, दोरी धरून रस्ता ओलांडते, मुकादमाला फोन लावते, दारुड्या बापाच्या खोलीतून मुलीला रात्री बाहेर काढून चौकीवर बसते, तिचं पद काय म्हणून लिहायचं?

या मर्यादा उगाच आल्या नाहीत, हेही कबूल करतो. निव्वळ पावत्या फाडण्यासाठी काढलेले न्यास मी बँकेत असताना पाहिलेत. विश्वस्ताचा भाचा संचालक, संचालकाची गाडी संस्थेच्या नावावर, आणि मुलं फक्त फोटोत. पण एक गोष्ट बँकवाल्याला विचारा. सगळ्यात नीट कागद कुणाचे असतात? ज्याला लपवायचंय त्याचे. दोनशे दप्तरं घेऊन पाचशेचं बिल लावणाऱ्याचा प्रशासकीय खर्च तक्त्यात तीन टक्केच दिसतो. टक्केवारीच्या चाळणीतून चोर सुखरूप खाली उतरतो आणि अडकते ती पगारपत्रक जसंच्या तसं दाखवणारी संस्था.

देणगीदारांना वस्तू आवडतात, आणि त्यामागचं मन वाईट नसतं. वाढदिवसाला आश्रमशाळेत जेवण, आजोबांच्या स्मरणार्थ बाक, बाकावर नाव. दिसतं, फोटो निघतो, समाधान मिळतं. आमच्या कपाटात आत्ता एकसष्ट दप्तरं पडून आहेत. दप्तर लागणारी मुलं आहेत चाळीसच्या आसपास. जूनमध्ये तीन वेगवेगळ्या मंडळांनी दिली, नाही म्हणता आलं नाही. त्याच जूनमध्ये ताईंचे दोन महिन्यांचे पगार थकले होते.

ते थकतात कसे, तेही सांगितलं पाहिजे. प्रकल्पाचं वर्ष संपतं ३१ मार्चला. शाळेच्या परीक्षा त्यानंतर. नव्या वर्षाची मंजुरी कंपनीच्या समितीकडून यायला जुलै उजाडतो, कधी ऑगस्ट. मधल्या चार महिन्यांत मुलं कुठे जात नाहीत, दोरी तशीच धरावी लागते, फक्त पैसे देणारं कुणी नसतं. ताई उसनवारी करतात. त्यांतल्या एकीनं मंगळसूत्रातले चार मणी मोडले, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं, आणि तिनंच ते मला कळू नये असं बजावलं होतं.

आमच्या संस्थेनं काय केलं? बरीच वर्षं माणसांची संख्या एकोणीसवर ठेवली, कारण वीस झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. विसाव्या बाईला ‘स्वयंसेविका’ म्हटलं. कंपन्यांना बोल लावताना हेही लिहायला हवं.

संस्था सोडा, मोठ्या व्यवस्थेतही हेच दिसतं. अडचणीतल्या मुलांसाठीचा १०९८ हा नंबर आपल्याला माहीत असतो, ‘दस नौ आठ’. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी ही चाइल्डलाइन सुरू केली. फोन वाजला की त्या त्या शहरातल्या संस्थेचा माणूस मुलापर्यंत पोचायचा. २०२३ मध्ये ही सेवा टप्प्याटप्प्यानं सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली गेली. हे चांगलं झालं की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला खटकलं ते एवढंच, की नंबर चालू राहणार का याची चौकशी सगळ्यांनी केली. रात्री दोनला फलाटावर जाऊन मुलाशेजारी बसायचं कसं, काय विचारायचं, काय विचारायचं नाही, हे वर्षानुवर्षं शिकलेल्या माणसांचं काय, हे फारसं कुणी विचारलं नाही.

यावर एक आक्षेप मात्र खरा अवघड आहे, आणि तो आमच्याच बैठकीत आला. पैसे तेवढेच आहेत. ताईंना जास्त दिलं तर मुलं कमी घ्यावी लागतील. मग? आम्ही दोन वर्षांपूर्वी चार केंद्रांची तीन केली. विसावी बाई पटावर आली, भविष्य निर्वाह निधी सुरू झाला, पाकिटावरचं ‘मानधन’ गेलं. चौथ्या केंद्रातली अकरा मुलं दुसरीकडे जोडून देता आली, सहा देता आली नाहीत. त्या सहांचा हिशेब माझ्याकडे नाही आणि बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही. पण चार केंद्रं चालू होती तेव्हा एका ताईंकडे पस्तीस मुलं होती, त्यांतली अर्धी फक्त हजेरीपत्रकावर. ज्या मुलाचा बाप दर सहा महिन्यांनी साइट बदलतो, त्याच्या आयुष्यात बदलत नाही असं एक तरी माणूस असावं म्हणून तर हे सगळं चाललंय. तिथेच दर वर्षी नवी ताई येत असेल, तर आम्ही त्याला आणखी एक स्थलांतरच देतोय.

म्हणून देणगीदारांना माझं मागणं साधं आहे. दप्तराऐवजी पगार द्या. एका ताईंचा तीन वर्षांचा पगार, लेखी, एप्रिल ते जूनसकट. पावतीवर तसंच लिहून मागा, ‘पगारासाठी’. आणि संस्था पारखायची असेल तर प्रशासकीय खर्च किती टक्के, हे विचारू नका. इथली सगळ्यात जुनी ताई किती वर्षं काम करतेय, गेल्या वर्षी किती जणी सोडून गेल्या आणि का, हे विचारा. खोटी संस्था या प्रश्नाला अडखळते. आम्हीसुद्धा अडखळू, कारण दोरीवाल्या ताई गेल्या डिसेंबरात गेल्या.

कुठे गेल्या? फार लांब नाही. ज्या टॉवरच्या मागे आमची वसाहत होती, तो पूर्ण झाला, लोक राहायला आले, आणि त्याच्या तळमजल्यावर रहिवाशांच्या मुलांसाठी डे-केअर निघालं. तिथे त्यांना आमच्या पावणेदोनपट पगार मिळतो, रविवारची सुट्टी मिळते. मला सांगायला आल्या तेव्हा त्यांना फार वाईट वाटत होतं. मी म्हटलं, “ताई, वाईट वाटून घेऊ नका. उशीर तुम्ही केलात.” पेढे आणले होते त्यांनी.

जाताना एक दोनशे पानी वही देऊन गेल्या. दर पानावर एक मूल. पत्ता नाही, कारण पत्ता टिकत नाही. मुकादमाचा नंबर आहे, गावच्या आजीचा नंबर आहे. एकाच्या पानावर लिहिलंय, डाव्या कानानं कमी ऐकू येतं, फळ्याच्या उजवीकडे बसवू नये. एकीच्या, भात खात नाही म्हणते पण भाकरीबरोबर दिला तर खाते. एकाच्या, आईबद्दल विचारू नये, स्वतःहून सांगेल. चौथ्या गाठीवाल्याच्या पानावर फक्त दोन सेफ्टी पिना टोचून ठेवल्यात.

वर्षअखेरचे कागद लावताना ऑडिटरनं विचारलं, ही वही मालमत्तेत धरायची का. नवीन ताई येत्या सोमवारपासून येतायत. वही सध्या माझ्या टेबलावर आहे.